दीड आटा

इंजिन चालू करायच्या आधी मनगटावरचं घड्याळ काढून शर्टाच्या खिशात ठेवणं. हवेचा पाइप हातात आला की तो बाहीला पुसणं आणि तोंडाने फुंकून बघणं. डाव्या खिशात स्वच्छ फडकं, उजव्या खिशात तेलकट, आणि घाम आला की नेमकं उजव्याने तोंड पुसणं. स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनाला, मूठ कानामागच्या हाडाला, डोळे मिटलेले. बिघडलेल्या टर्बोला 'खराब' न म्हणता 'रुसलाय' म्हणणं. विनोदाचा शेवट आधी सांगणं, स्वतः पोटभर हसणं आणि मग सुरुवात सांगणं. समोरच्याचं वाक्य संपायच्या आत 'हो हो' म्हणून मोकळं होणं.

या शेवटच्या सवयीवरून मला वाटायचं, माणूस उतावळा आहे.

हे काका टर्बोचे मिस्त्री आहेत. मोठ्या डिझेल गाड्यांचे टर्बो उघडतात, धुतात, जोडतात. त्यांचं गॅरेज माझ्या भाड्याच्या खोलीच्या बरोबर खाली आहे. दिवसा वर बसून वाचणं अशक्य, म्हणून मी खाली जाऊन बसू लागले. तेलाचा एक रिकामा डबा उलटा करून त्यांनी मला दिला. ती माझी जागा. मी साहित्य शिकले आहे हे कळल्यावर ते मला 'कवी' म्हणू लागले.

"काका, मी आयुष्यात एक कविता लिहिलेली नाही."

"मग काय बिघडलं? मी तरी कुठे गातो? लोक कानसेन म्हणतातच."

हे ड्रायव्हर लोकांनी दिलेलं नाव. तानसेन होता आलं नाही तर निदान कानसेन व्हावं, म्हणतात. इथे मात्र ते निव्वळ कौतुक होतं. बाकीचे मिस्त्री मीटर लावून टर्बोचा दाब बघायचे. काकांकडेही मीटर होता. तो खुंटीला टांगलेला असायचा आणि त्याच्या रबरी नळीवर काकू फडकी वाळत घालायच्या. काका दाब कानाने सांगायचे.

टर्बो म्हणजे काय ते त्यांनी मला एकदा समजावलं होतं. इंजिनातून धूर बाहेर पडतो. बाहेर पडता पडता तो एक चक्र फिरवतो. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला आणखी एक चक्र असतं. ते बाहेरची हवा ओढून इंजिनात कोंबतं. हवा जास्त मिळाली की डिझेल जास्त जळतं. डिझेल जास्त जळलं की धूर जास्त. धूर जास्त की चक्र आणखी जोरात.

"म्हणजे याला अंतच नाही," मी म्हटलं.

"नसतोच. जेवणारा खादाड आणि वाढणारी आई. तिसऱ्या कोणीतरी 'पुरे' म्हणावं लागतं."

'पुरे' म्हणणारी वस्तू त्यांनी माझ्या हातावर ठेवली. एक चपटी डबी आणि तिच्यातून बाहेर आलेला रॉड. डबीच्या आत रबरी पडदा आणि स्प्रिंग. कोंबलेल्या हवेची एक बारीक नळी या डबीला जोडलेली असते. हवेचा दाब हद्दीबाहेर गेला की तीच हवा पडदा ढकलते, रॉड पुढे सरकतो आणि धुराच्या वाटेवरची एक झडप उघडते. जादा धूर चक्राला न शिवता बाजूने निघून जातो. चक्राचा वेग तिथेच थांबतो.

"आणि हद्द कोण ठरवतं?"

"हा रॉड." त्यांनी टोकाचे आटे दाखवले. "आखूड केला की झडप उशिरा उघडते, दाब वाढतो. लांब केला की लवकर उघडते. अर्ध्या आट्याचा खेळ आहे, कवी."

तो अर्धा आटा ते शिट्टीवरून ठरवायचे. चक्राला वेग आला की टर्बो बारीक शिट्टी घालतो. वेग वाढेल तशी शिट्टी चढत जाते. झडप उघडली की चढायची थांबते. दुरुस्त केलेली गाडी काका बाजारामागच्या चढावर न्यायचे आणि शिट्टी थांबली की डाव्या हाताचं बोट वर करायचे. ते बोट बघायला म्हणून काही ड्रायव्हर शेजारी बसायचे.

गेल्या दोन वर्षांत त्यांचं नाव आणखी झालं होतं. कानसेनचा हात लागला की म्हातारी गाडी तरुण होते, असं लोक बोलायचे. खडीने भरलेले ट्रक न धापता चढ चढायचे. शाळेची बस रिकाम्या जीपला मागे टाकायची. अधूनमधून कोणाचा हवेचा पाइप निसटायचा. काका म्हणायचे, रबर पूर्वीसारखं येत नाही. एकाच्या इंजिनाचं हेड गॅस्केट गेलं. काका म्हणाले, गॅस्केटही पूर्वीसारखं येत नाही.

अक्का ही त्यांची थोरली बहीण. ती दुधाचा टँकर चालवते. खालच्या डेअरीतून दूध भरायचं आणि डोंगरावरच्या गावात पोचवायचं. साठीला टेकली आहे, पण आवाज टँकरच्या हॉर्नशी स्पर्धा करतो. तिच्या टँकरचा टर्बो गेला आणि काकांनी नवा बसवला. ट्रायलला गाडी अक्का चालवत होती, काका शेजारी होते आणि मी त्यांच्या मागे दाटीवाटीने बसले होते.

चढ लागला. शिट्टी सुरू झाली, चढत गेली आणि एका जागी थांबली. काकांचं बोट वर गेलं नाही.

"कुठाय शिट्टी?"

"येतेय की," अक्का म्हणाली.

"हो हो. पण अगदीच बारीक. दाब कमी बनवतोय."

त्यांनी खाली उतरून रॉड अर्धा आटा आखूड केला. पुन्हा तोच चढ. पुन्हा नापसंती, पुन्हा अर्धा आटा. मग आणखी अर्धा. शेवटच्या फेरीत शिट्टी इतकी तीक्ष्ण झाली की माझे दात शिवशिवले. काकांनी बोट अर्धवटच वर केलं.

"चालेल. हल्ली कंपन्या टर्बो शांत बनवायला लागल्यात."

"शांत?" अक्का म्हणाली. "बाबू, हा शांत असेल तर मी मुकी आहे."

"हो हो," काका म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्का भरलेला टँकर घेऊन निघाली.

त्या दिवशी काकूंना ताप होता. गॅरेजमागच्या खोलीत त्या आडव्या पडल्या होत्या. मी बघायला गेले तेव्हा काका पलंगाजवळ स्टुलावर बसले होते. काकूंच्या काखेत थर्मामीटर होता. नवा, पाऱ्याचा नाही, वाजणारा.

"किती वेळ धरून ठेवू?" काकू म्हणाल्या. "हात आखडला माझा."

"वाजू दे की आधी."

"अहो, मघाशीच वाजला."

"तापात भास होतात तुला. याचा सेल गेलाय." त्यांनी थर्मामीटर ओढून माझ्या हातात दिला. "बघ गं कवी, दुकानदाराने फसवलं."

मी बटण दाबलं. तो वाजला.

"वाजतोय, काका."

"कुठे?"

मी पुन्हा बटण दाबलं. मग त्यांच्या कानाशी नेऊन दाबलं. बारीक, स्वच्छ आवाज. उंबऱ्यावर झोपलेल्या मांजरीने डोळे न उघडता एक कान वळवला. काका माझ्या बोटाकडे बघत होते. मग मांजरीकडे बघितलं. मग काकूंकडे.

काकू उठून बसल्या होत्या. 

काका स्टुलावरून उठले. 

"अक्का कुठवर पोचली असेल?" ते म्हणाले. "शिट्टी होती. मलाच ऐकू येत नव्हती. मी दीड आटा आखूड केलाय तिचा रॉड."

गाडी चालवताना अक्का फोन उचलत नाही. तो अवजारांच्या पेटीत टाकते. हा तिचा नियम आहे. काकूंनी उशाखालून स्वतःचा फोन काढला.

"मी लावत राहते. तुम्ही निघा."

"तुला ताप आहे."

"ताप आहे, बाळंत नाही होत मी. निघा."

काकांनी खुंटीवरचा मीटर ओढला. ओली फडकी जमिनीवर पडली. गॅरेजच्या छोट्या टेम्पोत ते चढले, आणि त्यांना एकट्याला सोडवेना म्हणून मीही चढले.

गाव मागे पडलं. मी विचारलं, काय होऊ शकतं. त्यांनी समोर बघत सांगितलं. झडप वेळेवर उघडली नाही तर चक्र झेपेल त्यापेक्षा जोरात फिरतं. दांडा तुटतो. टर्बोतलं ऑइल हवेच्या वाटेने इंजिनात शिरतं. मग इंजिन डिझेल सोडून तेच ऑइल जाळत सुटतं. पाय काढला तरी धावतं. किल्ली काढली तरी धावतं.

"मी एकदा बघितलंय. उभ्या गाडीचं होतं. आम्ही सगळे पळालो. इंजिन ओरडून ओरडून फुटलं." मग म्हणाले, "ती गाडी उभी होती, कवी."

पुढे चढाचा रस्ता दिसत होता. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला काही नाही.

मग ते बोलू लागले. मी विचारलं नव्हतं.

"माझ्या मोटरसायकलचा ब्रेक करकरायचा. एक दिवस बंद झाला. मला वाटलं, आपोआप बरा झाला. फोनवर बायकांचं बोलणं कळेना. मला वाटलं, सगळ्या पुटपुटायला लागल्यात. मग टर्बो शांत झाले. सगळ्या कंपन्यांचे, एकदम. शंका यायला हवी होती ना?"

मी होकारार्थी मान हलवली.

"आली होती. मी तिला बसायला जागाच दिली नाही." त्यांनी गिअर बदलला. "शाळेची बस. खडीवाले. बेकरीची व्हॅन. सगळ्यांचे रॉड आखूड केलेत मी. त्यांना वाटलं हातात जादू आहे."

चढाच्या पायथ्याशी पंक्चरवाल्याचं दुकान होतं. काकांनी टेम्पो थांबवून टँकरबद्दल विचारलं. तो टायरवर वाकलेला होता, मान वर न करता काहीतरी बोलला. काका या वेळी 'हो हो' म्हणाले नाहीत. खाली उतरले, त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले.

"मला ऐकू येत नाही नीट. तोंडाकडे बघून सांग."

"दुधाचा ना? गेला वर. वरच्या वळणावर काळा धूर दिसला मघाशी. मोठा आवाज पण झाला."

तिथून वळणापर्यंत काकांनी टेम्पो कसा नेला ते मला सांगता येणार नाही. मी दाराची कडी धरून बसले होते.

टँकर वळणापलीकडे उभा होता. कडेला, सरळ, चाकांना दगड लावलेले. अक्का रस्त्याच्या कठड्यावर बसून संत्रं सोलत होती.

"आलात? आता फोन काढला तर तुझ्या बायकोने फोन करकरून बॅटरी खाल्लेली. काय, घर पेटलं का?"

काका उतरले आणि सरळ तिच्याजवळ गेले. तिचे दोन्ही खांदे धरून उभे राहिले.

"हात काढ, बाबू. पांढरा सदरा आहे."

त्यांनी हात काढले नाहीत. "काय झालं ते सांग. मोठ्याने सांग."

"काय होणार? चढाला लागले तर अशी शिट्टी की गावातली कुत्री मागे लागावीत. म्हटलं, भावाने बसवलंय, बरोबरच असेल. तरी पाय जरा उचलला. मग फाट् करून आवाज झाला. टायर फुटल्यासारखा. गाडीतला जीवच गेला, मागे सगळा काळा धूर. कडेला घेतली, बंद केली."

"बंद झाली? किल्लीने?"

"मग काय, हातापाया पडून?"

काका टँकरखाली शिरले. हवेचा जाड पाइप सांध्यातून निसटून लोंबत होता. त्यांनी पाइपात हात घातला, आतलं चक्र बोटाने फिरवलं, पुढेमागे हलवून बघितलं. बाहेर आले तेव्हा बोटावर तेलाचा थेंबही नव्हता. ते बोट त्यांनी आम्हाला दाखवलं.

"शाबूत आहे," ते म्हणाले. "दांडा शाबूत आहे."

पाइप आवळणारा पट्टा जुना होता. टर्बो नवा, नळी नवी, डबी नवी. त्या मापाचा पट्टा मात्र दुकानात नव्हता, म्हणून जुनाच ठेवला होता. झडपेने जे वेळेत करायचं होतं ते त्या झिजलेल्या पट्ट्याने केलं. दांडा तुटायच्या आधी सोडून दिलं. दाब तिथून निघून गेला.

"बघ," अक्का म्हणाली, "एवढं नवंकोरं सामान घातलंस, आणि उपयोगी कोण पडलं? म्हातारं."

काका तिच्यासमोर उभे राहिले.

"अक्का, मला ऐकू येत नाही."

"ते मला दोन वर्षांपासून ठाऊक आहे."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं. तुला ऐकू आलं नाही."

 ज्या माणसाचं नाव कानसेन, तो आता कोसळणार असं मला वाटलं. काका कठड्यावर बसले आणि हसू लागले. पोट धरून, आवाज न करता, मग आवाज करून. डोळ्यांतून पाणी येऊ लागलं. ते त्यांनी तेलकट फडक्याने पुसलं आणि गाल काळे झाले. त्यांचं बघून अक्का हसली. तिचं बघून मीही हसले. 

"पुरे," अक्का म्हणाली. "दूध फाटेल."

टर्बो निवेपर्यंत आम्ही तिघांनी संत्रं संपवलं. मग काकांनी रॉड लांब केला, पाइप बसवला, टेम्पोतल्या जाड तारेने पट्ट्याच्या जोडीला आणखी एक वेढा आवळला. मीटरची नळी इंजिनाला जोडून खिडकीतून आत घेतली. काट्याची हद्द त्यांना पाठ होती. ती आकड्यांत होती, कानांवर अवलंबून नव्हती.

टेम्पो तिथेच कडेला ठेवून आम्ही टँकरमध्ये चढलो. अक्का चालवायला बसली. काका मीटर मांडीवर घेऊन बसले.

"शिट्टीचं तुम्ही दोघी सांगा. काट्याचं मी बघतो."

चढ लागला.

"चढतेय," अक्का म्हणाली.

"चढतेय," मी म्हटलं.

"थांबली." हे आम्ही दोघी एकदमच म्हणालो.

काटा हद्दीपाशी येऊन उभा होता. जरासा थरथरत होता, पण पुढे जात नव्हता. काका बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिले. मग सीटला डोकं टेकून त्यांनी डोळे मिटले. वरच्या गावापर्यंत त्यांना झोप लागली.

कानाच्या डॉक्टरकडे त्यांना अक्काच घेऊन गेली. मीही होते. आयुष्यभर इंजिनाशेजारी बसून बारीक आवाज गेले आहेत, डॉक्टर म्हणाल्या. यंत्र लावलं तर बोलणं कळेल. शिट्टी पूर्वीसारखी येणार नाही.

"बरं झालं," काका म्हणाले.

  बाहेर आल्यावर मी विचारलं, यात बरं काय झालं.

"अगं, दोन वर्षं प्रत्येक गाडी सोडली की त्या रात्री झोप लागायची नाही. बोट वर करायचो, पण अंदाजाने. लोक बोटाकडे बघायचे आणि मी लोकांच्या तोंडाकडे. शिट्टी थांबली की नाही ते मी त्यांच्या चेहऱ्यावरून ओळखायचो." ते मोकळे हसले. "आता काटा आहे. त्याला बघितलं की झालं. ओळखायचं काही नाही."

गॅरेजच्या दारावर त्यांनी स्वतः खडूने लिहिलं. माझे कान गेले आहेत. गेल्या दोन वर्षांत माझ्याकडे टर्बो केलेल्या सर्वांनी गाडी घेऊन यावी. मी म्हटलं, जरा वेगळ्या शब्दांत लिहू या का. ते म्हणाले, "का? यात कुठला शब्द चुकलाय?"

शाळेची बस पहिली आली. मग बेकरीची व्हॅन. मग खडीवाले, कुरकुरत.

"काका, तरुण केलेली गाडी पुन्हा म्हातारी केलीत," त्यांच्यातला एक म्हणाला.

"म्हातारी घरी परत येते."

"मग तुमचं नाव आता बदलायचं का?"

"राहू दे रे. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा, तसं."

कोणी चिडलं, कोणी दुसरा मिस्त्री धरला. बहुतेक परत आले. काकू बऱ्या झाल्या. आता ट्रायलला मीटर बघायला त्याही कधी कधी जातात. फडकी दाराच्या कडीवर वाळतात. काकांच्या कानात यंत्र आलं, आणि आपला स्कूटरसारखा घोरण्याचा आवाज दुपारच्या डुलकीत आपल्यालाच ऐकू येतो अशी त्यांची तक्रार सुरू झाली.

एकेक करून सगळ्या गाड्या झाल्या. एक राहिली. शववाहिनी. तिचा ड्रायव्हर फोनवर म्हणाला, "काका, माझ्या प्रवाशांनी आजवर तक्रार केलेली नाही."

"तुझी बायको करेल. घेऊन ये."

गेल्या आठवड्यात तो आला. काकांनी टर्बोवरचा आच अडवणारा पत्रा काढला, मीटर जोडला, रॉडच्या नटाला पाना लावला. तेवढ्यात ड्रायव्हरचा फोन वाजला. त्याने ऐकलं आणि उठला.

"जावं लागेल. घरचे लोक थांबलेत."

काकांनी पाना काढला. मीटरची नळी सोडली. पत्रा बसवायला वेळ नव्हता.

"चढावर पाय उचलून चालव. घाई करू नकोस."

"माझ्या गाडीत घाई कोणालाच नसते."

तेव्हापासून काका रोज त्याला फोन करतात. तो रोज 'उद्या' म्हणतो. पत्रा भिंतीला टेकवलेला आहे, त्याचे बोल्ट एका फुटक्या बशीत ठेवले आहेत. त्या गाडीचा रॉड किती आखूड केला होता ते काकांना आठवत नाही. मोजायचं राहिलं आहे.